ईस्टवुडचा खरा आवाज कोणता?

मागच्या अंकात मी कोन्स्तान्तिनो रोमेरो या स्पेनमधल्या डबिंग कलाकारावर दोन पानं लिहिली होती. त्यावर बरीच पत्रं आली, म्हणून या महिन्याचा रकाना त्यांनाच दिला आहे. तो लेख ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी माझी ओळख थोडक्यात सांगते. पुणे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका म्हणून सुरुवात केली आणि पुढे अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये डबिंग करू लागले. मधली आठ वर्षं, १९९६ ते २००४, यजमानांच्या नोकरीमुळे बार्सिलोनात काढली. स्पॅनिश तिथेच शिकले, बरीचशी टीव्हीपुढे बसून.

प्रश्न (सातारा): ज्याचा चेहरा पडद्यावर कधी दिसत नाही, अशा माणसाच्या जाण्याने सबंध देश हळहळला असं तुम्ही लिहिलंत. हे जरा अतिशयोक्त वाटलं. एवढं त्यांनी केलं तरी काय?

आधी एक दुरुस्ती करते. रोमेरो यांचा चेहरा स्पेनमध्ये घराघरात ठाऊक होता. डबिंगवाला म्हणजे अंधाऱ्या खोलीत आयुष्य घालवणारा माणूस, हे त्यांच्या बाबतीत खरं नाही. त्यांचा जन्म २९ मे १९४७ रोजी आलिकान्ते शहरात झाला, बालपण अल्बासेते प्रांतातल्या चिंचिया गावात गेलं, आणि लहानपणीच घर बार्सिलोनाला आलं. अठराव्या वर्षी ते रेडिओत लागले. तिथून डबिंग, टीव्ही आणि नाटक ही सगळी दारं एकामागून एक उघडत गेली.

१९८७ पासून ते सरकारी टीव्हीवर ‘एल तिएम्पो एस ओरो’ (‘वेळ म्हणजे सोनं’) ही प्रश्नमंजूषा चालवत होते. घड्याळ पळतंय, समोर जाडजूड ज्ञानकोश आहेत आणि स्पर्धक पानं उलटून उत्तर हुडकतोय, असा तो खेळ. मी तिथे पोचले त्या वर्षी ‘ला पारोदिया नासिओनाल’ सुरू झाला होता. लोकांनी ओळखीच्या चालींवर चालू घडामोडींची थट्टा करणारी गाणी रचून पाठवायची, आणि ती कार्यक्रमात म्हटली जायची. त्यातले टोमणे मला वर्षभर कळले नाहीत. पण निवेदकाचा शब्द न् शब्द कळायचा. शेवटचं अक्षर गिळायचं नाही, घाई करायची नाही आणि तरी बोलणं पुस्तकी वाटू द्यायचं नाही, हे त्या माणसाला साधलं होतं. माझ्या कानावर स्पॅनिशचे पहिले संस्कार कुणी केले असतील तर रोमेरोंनी.

आता डबिंग. हॉलिवूडचा क्लिंट ईस्टवुड, टर्मिनेटरमधला श्वार्झनेगर, रॉजर मूरचा बाँड, ‘ब्लेड रनर’मध्ये पावसात भिजत मरणारा रुटगर हाउअर हे सगळे स्पेनमध्ये एकाच गळ्यातून बोलले. आणि अर्थात डार्थ व्हेडर. ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या काळ्या पोशाखात उभा होता डेव्हिड प्राउझ, इंग्रजीत त्याला आवाज होता जेम्स अर्ल जोन्सचा, आणि स्पेनच्या प्रेक्षकाला ऐकू यायचे रोमेरो. एका पात्रामागे तीन माणसं. ‘यो सोय तु पाद्रे’, मी तुझा बाप आहे, हे वाक्य तिथली शाळकरी पोरं आजही तोंडापुढे हाताची वाटी धरून म्हणतात.

१९९४ मध्ये ‘लायन किंग’ आला आणि त्यातला मुफासाही त्यांच्याकडे आला. इथे एक गंमत आहे. स्पेनमध्ये डिस्नेची कार्टून कित्येक वर्षं लॅटिन अमेरिकेत डब होऊन यायची, तिकडच्या बोलीत. खास स्पेनच्या स्पॅनिशमध्ये डिस्नेपट डब होऊ लागले ते १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’पासून. म्हणजे आपल्या बोलीत आपल्याशी बोलणारा सिंह मिळालेली ती जवळजवळ पहिलीच पिढी. त्या मुलांना बाप म्हटलं की हाच आवाज आठवतो. चांगला बाप मुफासा आणि वाईट बाप व्हेडर, दोन्ही तेच.

याशिवाय १९९५ मध्ये मारिओ गास यांनी बार्सिलोनात ‘स्वीनी टॉड’ हे संगीत नाटक बसवलं, त्यात मुख्य भूमिका रोमेरोंची होती. ते गायलेसुद्धा.

डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, ट्विटरवर, मोजक्या शब्दांत. ४७ वर्षं काम झालं, सार्थक झालं, सर्वांचे आभार, अशा आशयाचं. पाच महिन्यांनी, १२ मे २०१३ ला, ते गेले. आजार एएलएसचा होता. त्यात एकेक स्नायू निकामी होत जातो, बोलण्याचेही. वय ६५.

प्रश्न (डोंबिवली): राग मानू नका, पण डबिंग ही मला मूळ कलाकाराशी केलेली बेइमानी वाटते. ईस्टवुडचा खरा आवाज ऐकायचा सोडून दुसऱ्याचा का ऐकावा? सबटायटल असताना डबिंगची गरजच काय?

राग नाही. हा प्रश्न मला माझ्या सख्ख्या भावानेही विचारला आहे.

आम्ही ग्रासिया भागात राहायचो. समोरच्या दारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, मी त्यांना सेन्योरा म्हणायचे. त्यांच्या यजमानांना ईस्टवुडचं वेड होतं आणि ते गेल्यावर ते वेड यांच्याकडे आलं. आमच्याकडे नवा डीव्हीडी प्लेअर आला तेव्हा मी त्यांना ‘सिन पेर्दोन’ (आपल्याकडचा ‘अनफरगिव्हन’) पाहायला बोलावलं. माझ्याकडून भाषा निवडायची राहून गेली आणि सिनेमा इंग्रजीत सुरू झाला. ईस्टवुडने तोंड उघडलं. त्याचा मूळ आवाज तुम्हाला माहीत असेल: बारीक, खरखरीत, दातांच्या फटीतून निघाल्यासारखा. सेन्योरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मुली, यंत्र बिघडलंय. हा त्याचा आवाज नाही.”

मी समजावून सांगितलं, हाच त्याचा आहे, तुम्ही ऐकत आलात तो दुसऱ्याचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “असेल. पण माझा नवरा ज्याच्याबरोबर बोलायचा तो हा नाही.” त्यांचे यजमान सिनेमा चालू असताना पडद्याशी बोलत, उत्तरं देत. मी भाषा बदलली. रोमेरोंचा तो रुंद, खोल आवाज खोलीत पसरला आणि बाई पाठ टेकून बसल्या.

मे २०१३ मध्ये मी मुंबईत होते. त्यांचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, “क्लिंट गेला.” मी क्षणभर खऱ्या ईस्टवुडसाठी दचकले आणि मग समजलं. त्या रडत होत्या. मीही रडले.

तेव्हा काका, बेइमानीचं म्हणाल तर मी एवढंच सांगेन की चाळीस वर्षं एखाद्या आवाजाने घरात सोबत केली असेल, तर त्या घरापुरता तोच खरा. मूळ आवाजातही सिनेमा जरूर पाहा. मी पाहते. ग्रासियातच व्हेर्दी नावाचं थिएटर आहे, तिथे मूळ भाषेतले सिनेमे सबटायटलसह लागतात, आणि माझे कितीतरी रविवार तिथे गेलेत. पण सबटायटल वाचता यायला डोळे धड लागतात, वाचनाची सवय लागते आणि लहान मूल असेल तर वयही लागतं.

मात्र तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट दडलेली आहे, ती मी झाकणार नाही. स्पेनमध्ये डबिंग एवढं रुजलं त्यामागे हुकूमशहाचा हात आहे. एप्रिल १९४१ मध्ये फ्रँकोच्या राजवटीने परदेशी सिनेमा स्पॅनिशमध्ये डब केल्याशिवाय दाखवायला बंदी घातली. मुसोलिनीच्या इटलीचाच कित्ता तो. काही वर्षांनी सक्ती उठली, पण तोवर लोकांना सवय लागली होती आणि सेन्सॉरला हत्यार सापडलं होतं. मूळ संवादच ऐकू येत नाहीत म्हटल्यावर हवं ते बदलता येतं. ‘कासाब्लांका’चा नायक स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्धच्या बाजूने लढला होता, तो उल्लेख स्पॅनिश आवृत्तीतून नाहीसा झाला. १९५३ च्या ‘मोगांबो’ची तर कमालच. विवाहित बाई परपुरुषाच्या प्रेमात पडते हे दाखवायचं नाही, म्हणून संवादांत तिला आणि तिच्या नवऱ्याला भाऊ-बहीण करून टाकलं. आता पडद्यावर ती दोघं नवराबायकोसारखी वागताहेत आणि बोलताहेत मात्र भावंडांसारखं! व्यभिचार लपवायला गेले आणि त्याहून भलतंच काही प्रेक्षकांच्या डोक्यात घालून बसले.

हे कलंक आहेतच. पण ते माईकसमोर उभ्या राहणाऱ्या कलाकाराचे नव्हेत, संहितेवर लाल पेन्सिल फिरवणाऱ्यांचे.

वाईट डबिंग सिनेमा मारतं, हेही मान्य. कुब्रिकच्या ‘द शायनिंग’चं स्पॅनिश डबिंग कार्लोस साउरा या थोर दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली झालं आणि त्यासाठी मुद्दाम सिनेमा-नाटकातले नट घेतले होते. तिथले प्रेक्षक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. नट मोठे होते, पण दुसऱ्याच्या श्वासात स्वतःचा शब्द बसवायचा हा अभिनय वेगळा आहे, आणि तो वर्षानुवर्षं करूनच येतो.

प्रश्न (रत्नागिरी): ‘टर्मिनेटर २’ मधलं ‘हास्ता ला विस्ता, बेबी’ हे तर स्पॅनिशच. मग स्पेनमध्ये त्याचं काय केलं?

‘सायोनारा, बेबी’ केलं! इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी अचानक परकी भाषा येते, ही त्या वाक्यातली खुमारी. स्पेनमध्ये ‘हास्ता ला विस्ता’ म्हणजे आपलं ‘भेटू पुन्हा’, त्यात परकं काहीच नाही. म्हणून जपानी शब्द आणला. शब्द सोडला आणि खुमारी राखली. रोमेरोंनी तो इतक्या थंडपणे टाकला आहे की स्पेनमधल्या माझ्या वयाच्या माणसांना मूळ वाक्य वेगळं आहे हे सांगितलं तर पटत नाही.

प्रश्न (इंदूर): आमच्या घरात नातवंडं कार्टून हिंदीत पाहतात आणि मग आपसात हिंदीतच खेळतात. मराठीत चांगलं डबिंग झालं तर फरक पडेल का?

पडेल. हे मी नुसत्या आशेवर म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

बार्सिलोनाची स्वतःची भाषा कातालान. फ्रँकोच्या काळात ती शाळेतून, सरकारी कामातून, सगळ्या सार्वजनिक जागांतून हद्दपार होती. घरात बोलायची भाषा, एवढीच तिची गत. १९८३ मध्ये कातालान भाषेतली टीव्ही वाहिनी ‘तेवे त्रेस’ सुरू झाली, आणि सुरुवातीलाच त्यांनी काय आणलं असेल? ‘डॅलस’ ही अमेरिकी मालिका! टेक्सासचे तेलसम्राट कातालानमध्ये भांडू लागले. आपली भाषा श्रीमंत, लबाड, आधुनिक माणसांच्याही तोंडी शोभते, हे लोकांनी प्रथमच ऐकलं. मग १९९० मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ हे जपानी कार्टून कातालानमध्ये आलं. मी गेले तेव्हा ते बघत मोठी झालेली पोरं आमच्या चौकात होती. घरी स्पॅनिश बोलणारी, आईवडील दक्षिणेतून पोटासाठी आलेले, पण मारामारीचा खेळ सुरू झाला की सगळे कातालानवर येत. त्या खेळाची भाषाच ती होती. तुमच्या नातवंडांचं आज हिंदीच्या बाबतीत जे होतंय, नेमकं तेच, फक्त उलट्या दिशेने.

बार्सिलोनाचे कित्येक डबिंग कलाकार दोन्ही भाषांत काम करतात. अमेरिकी दिग्दर्शक-नट वुडी ॲलनचा आवाज म्हणून स्पेनभर माहीत असलेले जुआन पेरा त्यातलेच.

आपल्याकडे गळे कमी नाहीत. ‘बाहुबली’चा हिंदीतला प्रभास म्हणजे शरद केळकर आणि ‘पुष्पा’चा हिंदीतला अल्लू अर्जुन म्हणजे श्रेयस तळपदे. दोन्ही मराठी माणसं, आणि सबंध उत्तर हिंदुस्थान त्यांच्या आवाजावर टाळ्या देतो. मराठीत कमी पडतात ते पैसे आणि वेळ. एका वाहिनीसाठी मी सव्वादोन वर्षं एका मालिकेतल्या आईला आवाज दिला. रोज सकाळी संहिता हातात पडायची ती हिंदीवरून रात्रीत उलथलेली. ‘मी तुला मिस करते’च्या जागी ‘तुझ्यावाचून करमत नाही’ लिहायला मी उभ्या उभ्या पेन काढायचे. दोन वर्षांत श्रेयनामावलीत नाव एकदाही आलं नाही. स्पेनमधल्या रसिकांनी इंटरनेटवर ‘एल दोब्लाखे’ नावाची सूची उभी केली आहे. कुठल्या सिनेमात कुणाचा आवाज कुणी दिला, हे तिथे शोधलं की सापडतं. आपल्या मराठी डबिंगची अशी सूची कुणी तरुणाने मनावर घेतली तर माझ्या कपाटातल्या सगळ्या डायऱ्या मी त्याला देईन.

प्रश्न (नाशिक): मावशी, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकांकिका करते. मला डबिंग करायचं आहे. स्टुडिओत नेमकं काय होतं? आणि एआय आल्यावर हे काम उरेल का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू ‘व्हॉइस ओव्हर’ (चित्रावर नुसतं निवेदन) न म्हणता डबिंग म्हटलंस, म्हणजे दोन्हींतला फरक तुला कळतो.

बार्सिलोनाच्या एका स्टुडिओत मला एकदा पाहुणी म्हणून दिवसभर बसू दिलं होतं, तेच सांगते. खोली काळोखी, भिंती कापडाने मढवलेल्या. पुढे पडदा आणि मधोमध उंच तिरपा स्टँड, कीर्तनकारापुढे पोथी ठेवतात तसा. त्यावर छोटा दिवा आणि कागद. संहितेचे तुकडे पाडलेले असतात, काही ओळींचा एक तुकडा. त्याला तेही ‘टेक’च म्हणतात. मानधन असतं ते बोलावण्याचं वेगळं आणि दर टेकमागे वेगळं. त्या दिवशी पन्नाशीची एक कलाकार एका मरणाऱ्या बाईचा टेक करत होती. आधी तिने आवाज न काढता तो तुकडा नुसता पाहिला. ओठ पाहिले नाहीत, नटीचा गळा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना पेन्सिलने कागदावर तिरप्या रेघा मारल्या: इथे श्वास, इथे आवंढा. मग उभी राहिली, एक कान हेडफोनमध्ये आणि एक उघडा. पहिल्याच वेळी माझ्या अंगावर काटा आला. काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज आला, “ओत्रा.” अजून एकदा. तिने कुरकूर केली नाही. सहा वेळा झालं. सहाव्या वेळी फरक काय पडला ते मला जेवणाच्या सुट्टीत तिनेच सांगितलं: पडद्यावरच्या बाईने शेवटच्या शब्दाआधी अर्धाच श्वास घेतलेला होता, आणि ही पाच वेळा पुरा घेत होती.

ते अर्ध्या श्वासाचं प्रकरण मी मुंबईला परत घेऊन आले. आजही शिकवताना पहिल्या दिवशी तेच सांगते.

ओठांचं म्हणशील तर प, ब, म या तीन अक्षरांवर नजर ठेव. पडद्यावर ओठ मिटले आणि तुझ्या वाक्यात तिथे ‘का’ आला, तर प्रेक्षकाला चूक सांगता येणार नाही पण काहीतरी खटकेल. ‘का नाही’ बसत नसेल तर ‘पण का’ बसेल का, असा विचार करायची सवय लाव. स्पेनमध्ये हे बघायला वेगळा माणूस असतो, संहिता ओठांवर बसवून देणारा. आपल्याकडे बरेचदा तो माणूस म्हणजे माईकसमोर उभी असलेली तूच. म्हणून मराठी शब्दांचा साठा हवा, आयत्या वेळी हाताशी येणारा.

बांगड्या घरी ठेव. कडक कांजीची साडी किंवा सळसळणारी ओढणी नको. न खाता जाऊ नकोस, माईक पोटातला आवाजही टिपतो, आणि पोटभर जेवूनही जाऊ नकोस.

एआयबद्दल तुला खोटा धीर देणार नाही. कामं कमी होतील, विशेषतः छोटी. व्हेडरचे मूळ आवाज जेम्स अर्ल जोन्स यांनी वृद्धापकाळी आपला जुना आवाज यंत्राने पुन्हा घडवायला परवानगी दिली, हे २०२२ मध्ये जाहीर झालं. पण ती त्यांची परवानगी होती, त्यांच्या नावाने, विचारून घेतलेली. स्पेनमधल्या आवाज कलाकारांच्या संघटना आता करारात कलम मागतात की ध्वनिमुद्रण यंत्राला शिकवायला वापरायचं नाही. तूही सही करण्याआधी करार अक्षरन् अक्षर वाच. इंग्रजी कळलं नाही तर कुणाकडून तरी वाचून घे, पण ‘नंतर बघू’ म्हणून सही करू नकोस. माझ्या पिढीने ते केलं.

आणि आता गृहपाठ. कुठलाही सिनेमा घे, आवाज बंद कर आणि दोन मिनिटांचा एक प्रसंग निवड, ज्यात नटी फार बोलत नाही. तिचे श्वास मोज. कागदावर तिरप्या रेघा मार. मग त्या रेघांमध्ये तुझं स्वतःचं मराठी लिही आणि फोनवर रेकॉर्ड कर, मागे संगीत न लावता. पुढच्या पत्रात मला नुसतं एवढंच कळव की कुठल्या शब्दावर तुझा श्वास तिच्या आधी संपला.